आमची वाटचाल : मराठी पुस्तकांची यादी आणि एक जुना प्रश्न

‘उद्या फ्लिपकार्टनं मराठी पुस्तकं विकायला घेतली, तर तुमचं काय?’ २०११च्या सुमारास भांडवलासाठी ज्यांच्या ज्यांच्याकडे गेलो, त्यांनी हाच प्रश्न विचारला. प्रश्न रास्त होता. २००७ साली बंगळुरात पुस्तकविक्रीनं सुरुवात केलेल्या त्या कंपनीत २००९मध्ये अ‍ॅक्सेल या गुंतवणूक कंपनीचा पैसा आला होता आणि २०१०पासून ती पुस्तक हातात पडल्यावर पैसे घेऊ लागली होती. आम्ही २००८पासून पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका खोलीतून संकेतस्थळावर मराठी पुस्तकं विकत होतो. ऑर्डर आली की प्रकाशकाकडून प्रत आणायची, बांधायची आणि पोस्टात टाकायची. कार्ड नसलेल्यांना व्ही.पी.पी., म्हणजे पोस्टमनला पैसे देऊन पार्सल सोडवायचं. ते सोडवलं नाही, तर जाण्यायेण्याचा टपालखर्च आमच्या अंगावर.

मी त्यांना अ‍ॅमेझॉनची गोष्ट सांगायचो. मे १९९७मध्ये ती कंपनी शेअर बाजारात उतरली, त्याच महिन्यात बार्न्स अँड नोबलनं स्वतःचं संकेतस्थळ उघडलं. अमेरिकाभर पुस्तकांची दुकानं असलेल्या त्या साखळीपुढे हे पोर टिकणार नाही, असं जाणकार सांगत होते. फॉरेस्टर रिसर्च या बाजार-संशोधन कंपनीच्या प्रमुखांनी तर ‘अ‍ॅमेझॉन डॉट टोस्ट’ म्हणून निकालच लावला होता. १९९९मध्ये ‘बॅरन्स’ या अर्थविषयक साप्ताहिकानं मुखपृष्ठावर ‘अ‍ॅमेझॉन डॉट बॉम्ब’ छापलं. नफ्याची पहिली तिमाही उजाडायला २००१ची अखेर आली.

एका गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘पण त्यांच्याकडे तग धरायला बाजाराचा पैसा होता. तुमच्याकडे काय आहे?’

आमच्याकडे यादी होती. आजही मला तीच आमची खरी कमाई वाटते. मोठ्या साइट पुस्तक ओळखतात ते आयएसबीएनवरून, म्हणजे पुस्तकावर छापलेल्या आंतरराष्ट्रीय क्रमांकावरून, आणि जुन्या मराठी पुस्तकांपैकी कितीतरींवर तो नाहीच. प्रकाशकांच्या याद्या छपाईसाठीच्या जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये; संकेतस्थळावर चालणाऱ्या युनिकोडमध्ये चिकटवल्या की इंग्रजी अक्षरांचा नुसता काला व्हायचा. म्हणून प्रत्येक पुस्तक हातात घेऊन नाव, लेखक, आवृत्ती, पानं, बांधणी असं सगळं नव्यानं टाइप केलं. पुस्तक काट्यावर ठेवून वजनही लिहिलं, कारण टपालखर्च वजनावर ठरतो आणि यादीत वजन कोणीच देत नसे. एकच पुस्तक कोणी ‘कुलकर्णी वि. म.’ म्हणून शोधतो, कोणी ‘वि. म. कुलकर्णी’, तर कोणी इंग्रजी स्पेलिंगनं. तिघांनाही ते सापडलं पाहिजे, हा आमचा हट्ट. हे काम माझ्या बायकोनं आणि तिच्या दोन मैत्रिणींनी वर्षानुवर्षं केलं. गुंतवणूकदारांना ते कारकुनी वाटायचं, मला मात्र त्याचा अभिमान आहे.

पैसा कोणी घातला नाही. घरची ठेव मोडली आणि काही प्रकाशकांनी उधारीवर पुस्तकं दिली, त्यावर चाललो. ती उधारी मी विसरणार नाही.

जून २०१३मध्ये अ‍ॅमेझॉन भारतात आली, तीही आधी पुस्तकं आणि चित्रपट घेऊनच. मग सवलतींची चढाओढ लागली. खपाऊ पुस्तकं आमच्या खरेदीपेक्षा कमी भावात दिसू लागली आणि त्या ऑर्डरी गेल्या. त्यांच्यामागे धावायचं नाही, असं ठरवलं. सवलत आम्ही बेताचीच ठेवली. सांगली-साताऱ्याकडच्या छोट्या प्रकाशकांची पुस्तकं, कोश, संतवाङ्मय, शिल्लक राहिलेल्या जुन्या आवृत्त्यांच्या प्रती यांच्यावर भर दिला. गावोगावच्या ग्रंथालयांना वर्षाची खरेदी करायची असते. त्यांना विषयवार यादी, नेमकी आवृत्ती आणि नीट बिल लागतं. तिथे आमची यादी कामाला आली. दिवाळी अंकांचे संच तर परदेशी राहणारी मंडळी गणपतीतच सांगून ठेवू लागली.

आता काही प्रकाशक स्वतःच्याच पुस्तकाचं वजन आणि पृष्ठसंख्या आम्हाला फोन करून विचारतात. नवं पुस्तक आलं, की पहिली प्रत आजही काट्यावर जाते.