१४ म्हणजे १९३४ की १९७४?

गेल्या महिन्यात आत्याचा फोन आला. "अरे, ह्यांचे तंबाखूचे पाईप निघालेत कपाटातून. शेजारचा मुलगा नेटवर बघून म्हणाला, एक १९३४चा आहे, चांगले पैसे येतील. तू येऊन बघ. तोवर मी ब्रासोनं घासून ठेवते."

मी जवळजवळ ओरडलोच. "आत्या, हात लावू नकोस! कोरडं फडकंसुद्धा नको."

या ओरडण्यामागे माझी एक जुनी चूक आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी पुण्याच्या जुन्या बाजारात बिस्किटाच्या डब्यात, गंजलेल्या किल्ल्या आणि घड्याळाच्या पट्ट्यांखाली एक काळाकुट्ट पाईप मिळाला होता, ३०० रुपयांत. मी तंबाखू ओढत नाही. मी फाउंटन पेनं दुरुस्त करतो, आणि जुन्या पाईपची दांडी पेनासारखीच एबोनाईटची, म्हणजे कडक रबराची असते, एवढ्या ओळखीवर तो घेतला. मानेवर, म्हणजे दांडी जिथे खोचतात त्या लाकडावर, पुसट अक्षरं होती. घरी आणून झिरो नंबरचा पॉलिश पेपर मारला, मेण लावलं, आरशासारखा चमकवला. अक्षरं गेली. पुढे दुसऱ्या एका पाईपचा फोटो बघताना लक्षात आलं: कमानीत 'बार्लिंग्ज' आणि त्याखाली 'मेक'. तोच शिक्का माझ्याही पाईपवर होता. लंडनच्या बार्लिंग घराण्यानं १९६०मध्ये धंदा विकला, आणि संग्राहक जीव टाकतात ते त्याआधीच्या मालावर. माझा पाईप तसा होता हे मी आता कोणालाच दाखवून देऊ शकत नाही. त्याचं आजही वाईट वाटतं.

जुन्या पाईपची किंमत त्या मानेवरच्या दोन इंचांत असते. लाकूड सगळीकडे बहुधा एकच, ब्रायर, म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाशी धरणारी गाठ. ती कुणी कोरली आणि कधी, हे शिक्काच सांगतो.

रविवारी आत्याकडे गेलो. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून तिनं तीन पाईप मांडून ठेवले होते. खोलीतला दिवा बंद केला, मोबाईलचा टॉर्च मानेला जवळजवळ टेकवून आडवा धरला आणि भिंग लावलं. समोरून उजेड टाकला तर काही दिसत नाही. आडव्या उजेडात अक्षरांच्या खाचा सावलीनं भरतात.

पहिला डनहिल, लंडनच्या नावाजलेल्या कंपनीचा. दांडीवरचा पांढरा ठिपका लांबूनच दिसला होता. हा ठिपका मुळात दांडीची वरची बाजू कोणती हे गिऱ्हाइकाला कळावं म्हणून आला, आज तोच नावाची खूण झालाय. लाकूड खडबडीत, वाळूच्या माऱ्यानं मऊ भाग झिजवून रेषा उठवलेल्या. हीच त्यांची 'शेल' घडण, १९१७च्या पेटंटची. मानेखाली 'मेड इन इंग्लंड' आणि पुढे जरा वर चढवलेला बारीक आकडा, १४.

शेजारचा मुलगा इथेच फसला, आणि त्याला दोष देता येत नाही. डनहिलचे वर्षांचे आकडे फिरून फिरून येतात. १९२० धरून मोजलं तर १४ म्हणजे १९३४, १९६० धरून मोजलं तर १९७४. दोन्हींत चाळीस वर्षांचं अंतर, आणि किमतीतही मोठा फरक. मग बाकीच्या खुणा बघायच्या. १९३४च्या शेलवर पेटंट नंबर हवा होता, तो नाही. उलट गोलातला ४चा आकडा आणि शेजारी एस आहे. पाईप केवढा आहे ते सांगणारा हा आकडा १९५०च्या दशकात सुरू झाला. लाकडावरच्या रेषाही उथळ; जुन्या शेलच्या रेषा बोट अडकेल इतक्या खोल असतात.

"१९७४," मी म्हणालो.

आत्या हिरमुसली नाही. उलट म्हणाली, "बरोबर. हे ७५ साली इंग्लंडात कॉव्हेंट्रीला ट्रेनिंगला गेले होते. तिथूनच आणला असणार. ३४ कसा असेल, तेव्हा ह्यांचा जन्म पण नव्हता!" कागद नव्हता, पावती नव्हती, पण हा पुरावा मला भिंगापेक्षा मोठा वाटला.

दुसरा डब्लिनचा पीटरसन, वाकड्या दांडीचा. 'रिपब्लिक ऑफ आयर्लंड' म्हणजे १९४९नंतरचा. आत्याला याच्याच मानेच्या टोकावरच्या टोपणाची चांदी मोलाची वाटत होती, कारण तिच्यावर हॉलमार्कसारखे तीन बारीक छाप होते. भिंगातून बघितलं: तीन पानांचं शॅमरॉक, शिकारी कुत्रा, गोल बुरूज. हे निकेलवर मारायचे शोभेचे छाप. खऱ्या डब्लिनच्या चांदीवर बसलेली हायबर्निया (आयर्लंडचं प्रतीक असलेली स्त्री), मुकुटवाली वीणा आणि वर्षाचं अक्षर असतं. दांडीच्या वरच्या अंगाला भोक, धूर जिभेवर न जाता टाळ्याकडे जावा म्हणून, आणि त्या भोकाच्या दोन्ही बाजूंना दातांचे खोल वण. एबोनाईट उन्हानं हिरवट-तपकिरी पडलंय, अगदी जुन्या पेनाच्या टोपणासारखं. ते मला काढता येतं, पण वण राहतील.

तिसऱ्यावर 'ब्रुयेर गारांती'. हे कंपनीचं नाव समजून लोक शोधत बसतात. अर्थ एवढाच की लाकूड ब्रायरचं आहे याची हमी, फ्रेंचमध्ये. मानेला पितळी कडं होतं. असं कडं दिसलं की मी कडेनं नख फिरवतो. नख अडकलं. खाली तडा आहे, तो आवळून धरायला कुणीतरी कडं चढवलंय. याचे दोनशे-तीनशे रुपये आले तरी पुष्कळ.

डनहिलच्या भांड्यात उजेड टाकून पाहिलं. काजळीचा थर जाड असला तरी भिंतीला तडा नाही, काठ थोडा जळलाय. थर मी खरवडला नाही, घेणाऱ्याला तो स्वतः काढायला आवडतो. एका विक्रेत्यानं आत्याला २,००० सांगितले होते. मी म्हटलं, १२,०००च्या खाली देऊ नकोस, आणि पीटरसनचे ३,०००.

"पीटरसन नाही द्यायचा," ती म्हणाली. "रोज संध्याकाळी गॅलरीत हाच असायचा. ते दात ह्यांचेच."

डनहिल वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात परत गेलाय. आत्याचा मुलगा डिसेंबरात येणार आहे, त्याला दाखवल्याशिवाय विकायचं नाही म्हणते.