गॅलरीतलं सोलर: करंट मोजायला आता आयएनए२१९

मुलुंडच्या गॅलरीतलं २० वॅटचं पॅनेल, १२ व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी, मधे पीडब्ल्यूएम चार्ज कंट्रोलर (करंट भराभर तोडून-जोडून बॅटरी भरणारा) आणि आकडे वाचणारा छोटा बोर्ड अर्डुइनो उनो, सगळं आहे तसंच आहे. बदलला तो करंट मोजणारा सेन्सर. एसीएस७१२ काढून आयएनए२१९ बसवला; लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात दोन्ही सहज मिळतात.

एसीएस७१२ वाईट नाही. ५ अँपिअरवाला दर अँपिअरला १८५ मिलिव्होल्ट देतो. पण उनोचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) १० बिटचा, ५ व्होल्टचे १०२४ भाग. म्हणजे एक पायरी साधारण २६ मिलिअँपिअरची. मे महिन्यात चालून जातं. जुलैत आभाळ भरून आलं की पॅनेल जेमतेम ५०-६० मिलिअँपिअर देतं, तिथे दोन पायऱ्यांत खेळ खलास. आयएनए२१९ मध्ये ०.१ ओहमचा शंट (छोटा रोध, ज्यावरच्या व्होल्टेजवरून करंट कळतो), १२ बिटचा एडीसी, आणि पायरी एक मिलिअँपिअरच्या आत. मर्यादा २६ व्होल्टची. माझ्या पॅनेलचं ओपन सर्किट (काहीही न जोडलेलं असतानाचं) व्होल्टेज २२ च्या आसपास, म्हणून निभावतं.

बॅटरी भरत आली की आकडे वेड्यासारखे नाचतात: आत्ता ०.९ अँपिअर, लगेच शून्य. सेन्सरचा दोष नाही, कंट्रोलरच करंट तोडून-जोडून सोडतोय. चिपमध्येच १२८ नमुन्यांची सरासरी घेता येते, त्याला सुमारे ६८ मिलिसेकंद लागतात. ती चालू केली आणि आलेख शहाण्यासारखा वागू लागला.

खरी गंमत ग्रिलच्या सावलीत निघाली. पॅनेलमध्ये ३६ सेल एकामागे एक जोडलेले, त्यामुळे ज्या सेलवर सर्वांत जास्त सावली, त्याच्या लायकीइतकाच करंट सगळ्यांतून. छोट्या पॅनेलमधले सेल अरुंद पट्ट्यांसारखे कापलेले असतात. दुपारी उभ्या गजाची सावली नेमकी एका पट्टीवर लांबीने पडायची आणि ०.८ चा करंट ०.३ वर यायचा. पॅनेल आडवं फिरवलं; आता तीच सावली पुष्कळ पट्ट्यांवर थोडी थोडी वाटली जाते आणि करंट ०.७ च्या खाली जात नाही. सोसायटीत ग्रिल कापायची परवानगी मागण्यापेक्षा हे बरं!

पीडब्ल्यूएममुळे १८ व्होल्टला जोरात चालणारं पॅनेल बॅटरीच्या १३ वर राबतंय. म्हणून आता छोटा एमपीपीटी (पॅनेलला सर्वांत जास्त पॉवर मिळेल त्या व्होल्टेजला चालवणारा कंट्रोलर) लावून बघणार. तेव्हा पॅनेलकडे एक आणि बॅटरीकडे एक असे दोन आयएनए२१९ लागतील. अर्डुइनोला दोघं वेगळे ओळखता यावेत म्हणून दुसऱ्याचा पत्ता बदलायला ए० चा जंपर सोल्डर करून ठेवलाय.