केटल भंगारात काढण्याआधी

केटलचं आयुष्य तिच्यात कुठलं पाणी पडतं यावर ठरतं. नाशिकला गंगापूर धरणातून येणारं नळाचं पाणी त्या मानाने मऊ. बोअरचं पाणी मात्र काळ्या बसाल्ट खडकातून कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन वर येतं, आणि नाशिकच्या अनेक सोसायट्यांत ही दोन्ही पाणी एकाच टाकीत पडतात. पाणी तापलं की त्यातलं बायकार्बोनेट फुटतं, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरलेला कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूच, तळाला चिकटतो. चहात तरंगणारे पांढरे पापुद्रे तेच. पोटाला त्यांचा त्रास नाही, केटलला आहे.

हा थर उष्णता अडवतो. तळाचा पत्रा पाण्यापेक्षा कितीतरी जास्त तापतो आणि त्याच्याखालची सुरक्षेची द्विधातू पट्टी (दोन धातूंची, तापली की वाकणारी) पाणी उकळायच्या आधीच वीज तोडते. "केटल मध्येच बंद पडते" या तक्रारीचं कारण बरेचदा एवढंच असतं, आणि अशा कितीतरी चांगल्या केटल्या उगाच भंगारात जातात.

साफ करायला किराणा दुकानातलं लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, सगळ्यात बरं. केटल अर्धीच भरा, पाणी उकळा, बटण बंद करून बेसवरून उचला आणि दोन-तीन मिनिटं थांबा. मग अर्ध्या लिटरला दोन सपाट छोटे चमचे (साधारण 8 ते 10 ग्रॅम) थोडं थोडं टाका. उकळत्या पाण्यात एकदम ओतलं तर फेस उसळून हातावर येतो. आत पाहिलं तर थराच्या कडेने बारीक बुडबुड्यांची रांग सुटलेली दिसेल. ती थांबली, साधारण अर्ध्या तासाने, की पाणी ओता, मऊ फडक्याने पुसा आणि साधं पाणी दोनदा उकळून फेका. थर जाड असेल तर हेच पुन्हा करा, अ‍ॅसिड वाढवू नका. बोअरचं पाणी असेल तर महिन्यातून एकदा, नळाचं असेल तर दोन-तीन महिन्यांनी पुरतं. चोचीतली जाळी निघत असेल तर तीही त्याच पाण्यात बुडवा.

तारेची घासणी नको, चाकूने खरवडणं नको. टॉयलेट क्लीनर तर अजिबात नको. त्यातलं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड स्टीलला बारीक खड्डे पाडतं.

हॉस्टेलवर केटलमध्ये दूध, मॅगी, अंडी सगळंच शिजतं. दुधाची खरपुडी तळाला लागली की तिथे लिंबूसत्व चालत नाही. खाण्याचा सोडा एक चमचा, पाणी अर्धा लिटर, एक उकळी आणि तासभर भिजत. सोडा आणि लिंबूसत्व एकत्र टाकू नका, दोन्ही एकमेकांना मारतात.

पाणी उकळत राहतं, बटण पडतच नाही? आधी झाकण बघा. वाफ एका छोट्या भोकातून बटणामागच्या दुसऱ्या द्विधातू पट्टीपर्यंत जाते. झाकण उघडं असेल किंवा भोक क्षाराने बुजलं असेल तर पट्टीला काही कळत नाही. झाकण आणि भोक दोन्ही ठीक असूनही बटण पडत नसेल तर केटल वापरू नका.

1500 वॉटची केटल साधारण 6.5 अँपिअर ओढते. तिला 16 अँपिअरचा मोठा पॉइंट हवा, एक्स्टेंशन बोर्ड नको. बेसच्या मधल्या पिनांजवळ काळं पडलं, प्लास्टिक वितळल्याचा वास आला किंवा तळातून पाणी झिरपलं तर दुरुस्तीच्या फंदात पडू नका. आत पाणी आणि 230 व्होल्ट शेजारीशेजारी असतात.

अशी केटल घंटागाडीच्या सुक्या कचऱ्यात टाकू नका. ती ई-कचरा आहे. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नियमांत लहान घरगुती विद्युत उपकरणंही येतात. ती अधिकृत रिसायकलरकडेच जायला हवीत, आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे त्यांची यादी असते. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाही विचारा, जुनी वस्तू परत घेण्याची सोय बऱ्याच ठिकाणी असते. तांब्यासाठी वायर उघड्यावर जाळली की तिच्यावरच्या पीव्हीसी प्लास्टिकमधून हायड्रोजन क्लोराइडचा धूर निघतो, आणि तो आधी जाळणाऱ्याच्याच छातीत जातो. म्हणून वायर कापून कुणाला वेगळी विकू नका. केटल कोरडी करा, बेस आणि वायर तिच्यासोबतच बांधा आणि वर "खराब, वापरू नये" अशी चिठ्ठी चिकटवा.