बत्तिसाव्या रात्रीनंतरची ‘श्यामची आई’

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा शाळेचा निरोप आला. स्नेहसंमेलनं, सहली, मैदानावरच्या मारामाऱ्या यांवर बाकीचे लिहितीलच. मला लिहायचंय ते आठवीत शाळेच्या ग्रंथालयातून घरी नेलेल्या एका पुस्तकाबद्दल. साने गुरुजींची ‘श्यामची आई’.

आमच्या पिढीला हे पुस्तक वाचण्याआधीच ठाऊक असायचं. परिपाठाला कुणीतरी श्यामच्या पोहण्याची गोष्ट सांगायचं. आचार्य अत्र्यांचा चित्रपट दूरदर्शनवर लागला की गल्लीतल्या बायका डोळ्यांना पदर लावून बसायच्या. चांगल्या मुलांनी वाचायचं चांगलं पुस्तक, एवढीच माझी समजूत. मराठीच्या बाईंनी कपाटातून खाकी कव्हर घातलेली प्रत काढून दिली आणि म्हणाल्या, “शेवटपर्यंत वाच. सगळे मधेच सोडतात.”

मी कोल्हापूरजवळच्या वडणग्याहून शाळेला यायची. आमचं गुऱ्हाळ होतं. दिवाळी सरली की चुलवाण पेटायचं ते शिमग्यापर्यंत. काहिलीतला रस उकळून वर यायला लागला की गुळव्या झाऱ्यानं मळी काढत उभा राहायचा, चुलवाणात चिपाडं सारायचं काम चालू असायचं, आणि मी छपराला टांगलेल्या बल्बखाली पोत्यावर बसून वाचायची.

या पुस्तकात प्रकरणांना रात्री म्हटलंय. श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री आईची एकेक आठवण सांगतो, अशा बेचाळीस रात्री. पहिल्या तीसेक मी भराभर वाचल्या. मोरी गाय, श्रीखंडाच्या वड्या, अळणी भाजी. धाकट्या भावासाठी पैसे साठवून कोट शिवणारा आणि तो घेऊन भर पावसात घरी निघालेला श्याम तर मला फारच आवडला. मग आली बत्तिसावी रात्र, ‘कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक’. सावकाराचा माणूस वसुलीला येतो. ओटीवर बसून तोंडाला येईल ते बोलतो. श्यामचे वडील (त्यांना घरी ‘भाऊ’ म्हणतात) ऐकून घेतात. आणि एरवी कुणाला दुखवून न बोलणारी आई घरातून बाहेर येते आणि त्या माणसाला ओटीवरून चालता हो म्हणून सुनावते.

ते पान मी पुन्हा पुन्हा वाचलं. कारण त्या हंगामात गुळाचा दर पडला होता आणि आम्ही अडत्याकडून, म्हणजे गूळ विकून देणाऱ्या दलालाकडून, आगाऊ उचल घेतलेली होती. दादा, म्हणजे माझे वडील, मार्केट यार्डातून आले की खिशातली विक्रीच्या हिशेबाची पट्टी काढून कंदिलाजवळ धरायचे. अडत, हमाली, तोलाई, उचलीचं व्याज, सगळं वजा होऊन खाली उरलेला आकडा. तो आकडा ते कधी मोठ्यानं वाचत नसत. आई विचारायची नाही, ताटात भाकरी वाढायची. घरातल्या असल्या गोष्टी घरातच ठेवायच्या असतात, पुस्तकात येत नसतात, असं मला तोवर वाटायचं. आणि इथं गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात बसून कोकणातल्या पालगडच्या घराची सगळी लक्तरं कागदावर मांडली होती. खोताचं घराणं, वाटण्यांत वेगळं पडलेलं बिऱ्हाड, कर्ज, तगादे आणि शेवटी जप्तीची दवंडी. त्या रात्रीचं नाव ‘अब्रूचे धिंडवडे’. आईच्या मरणाच्या प्रकरणात मी रडले नाही असं नाही, पण दवंडीच्या प्रकरणात जास्त रडले. आई आजारानं गेली असं पुस्तकात आहे. मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं, की तिला आधी त्या दवंडीनं मारलं.

मुलांना हे पुस्तक देताना आपण निवडून निवडून संस्काराच्या गोष्टी देतो आणि शेवटच्या अकरा रात्री वगळतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्यांच्याशिवाय आधीच्या गोष्टी नुसत्या बोधकथा होऊन बसतात. बायकोला वाईट वाटू नये म्हणून अळणी भाजी मुकाट्यानं खाणारे भाऊ आणि वसुलीवाल्याचं मुकाट्यानं ऐकणारे भाऊ एकच आहेत, हे शेवट वाचल्याशिवाय कळणार कसं?

मला मात्र तेव्हा भाऊंचा भयंकर राग आला होता. दादा चौथी शिकलेले, पण मी वाचून झाल्यावर पुस्तक त्यांनी मागून घेतलं आणि गुऱ्हाळावरच्या रात्रपाळीत वाचून काढलं. कर्जाच्या पानाच्या कोपऱ्यावर त्यांच्या अंगठ्याचा गुळाचा चिकट डाग पडला होता. मी म्हटलं, “दादा, भाऊंनी कर्ज काढलंच कशाला? त्यांच्यापायी आई गेली.”

दादा जरा वेळ काहिलीकडं बघत राहिले. मग म्हणाले, “बाईनं त्या माणसाला भाईर काढलं, लई ब्येस केलं. पर पोरी, बायकोम्होरं त्यो तसला बोलत हुता तवा भाऊच्या पोटात काय झालं आसंल, ते कोण इचारतंय?”

वार्षिक परीक्षेच्या आधी बाईंनी ‘मला आवडलेले पात्र’ असा निबंध घातला. सगळ्या वर्गानं आईवर लिहिलं, मी भाऊंवर लिहिलं. दादांचं वाक्य त्यात त्यांच्याच बोलीत होतं. बाईंनी तो निबंध वर्गात वाचला, आणि तो संपल्यावर पुस्तक उघडून दवंडीची रात्र वाचायला घेतली. तास संपल्याची घंटा झाली तरी त्या थांबल्या नाहीत. पुढच्या तासाचे गणिताचे सर दारात येऊन उभे राहिले आणि तेही ऐकत राहिले. मधल्या सुट्टीत मागच्या बाकावरची एक मैत्रीण, जिच्याशी माझं एरवी फारसं बोलणं नव्हतं, माझ्याजवळ येऊन बसली आणि तिच्या घरी आलेल्या नोटिशीबद्दल बोलायला लागली. तिच्याशी मैत्री झाली ती तिथून. अजून आहे.

या महोत्सवाच्या निमित्तानं मी शाळेच्या ग्रंथालयाला ‘श्यामची आई’च्या प्रती दिल्या आहेत. सगळ्या संपूर्ण, संक्षिप्त एकही नाही. आठवीच्या वर्गशिक्षकांना माझी विनंती आहे, वेळ कमी असेल तर पहिल्या एकतीस रात्री मुलं घरी वाचतील, वर्गात बत्तिसाव्या रात्रीपासून सुरुवात करा.