बांध नसलेलं गाव

दुपारी चुलतभावाचा फोन आला. मोजणीची तारीख पडलीय, तू ये. कुठल्या बांधाची, हे विचारायची गरज नव्हती. आमच्या भावकीत भांडण एकच, फक्त वकील बदलतात.

फोन ठेवला आणि लॅक्स्टनचा नकाशा उघडून बसलो. माझं हे एक खूळच आहे. नॉटिंगहॅमशायरमधलं हे छोटंसं गाव. मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदाराने १६३५ साली त्याचा नकाशा काढला, तो ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. एकेक पट्टी त्यात दाखवलीय, वर नांगर हाकणारी, पीक कापणारी चिमुकली माणसंही. इंग्लंडात बाकी ठिकाणी जमिनी एकत्र करून कुंपणं घातली गेली, लॅक्स्टनमध्ये मात्र वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड ही तीन मोठी शेतं अजून उघडीच. एकेकाच्या पट्ट्या तिन्हींत विखुरलेल्या. एका शेतात गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, तिसरं पडीक किंवा चाऱ्याला, दरवर्षी पाळी बदलत. आणि दोन पट्ट्यांमध्ये बांध नाही!

आबांना हे पटलंच नसतं. नांगरट झाली की ते शेजारच्या चुलत्याचं रान बघायला निघत. चप्पल काढून हातात, पाऊल पावलाला लावून बांधाची रुंदी मोजत आणि मला आकडा लक्षात ठेवायला सांगत. मग एक ढेकूळ उचलून त्याची ओली बाजू माझ्यापुढे धरत, "बघ, हे कालचं कोरलेलं." त्यांचा स्वतःचा नांगर त्या बाजूला किती सरकायचा, ते मात्र मोजायची पद्धत नव्हती. बांधावरच्या बाभळीची शेंग कुणाच्या शेळीने खाल्ली, यावरून दोन वर्षं बोलणं बंद होतं.

लॅक्स्टनचे शेतकरी तरी कुठे देवमाणसं? नांगर तिथेही सरकतो. नोव्हेंबरच्या अखेरीस गावातले निवडलेले पंच त्या वर्षीच्या गव्हाच्या शेतात जातात, हद्दीचे खुंट ठोकतात, कुणी शेजारच्या पट्टीत किंवा वाटेत घुसलाय का बघतात आणि मग डव्हकोट इन या पबमध्ये जेवायला बसतात. आठवड्याभराने कोर्ट लीट भरतं. ही मध्ययुगापासून चालत आलेली गावची न्यायसभा, तीही पबातच. तिथे दंड ठरतात. १९७७च्या कायद्याने अशा बाकी न्यायसभांचे अधिकार काढून घेतले, लॅक्स्टनचे तेवढे ठेवले. दंड किरकोळच असतो, पण सगळ्यांसमोर नाव निघतं. पुढच्या साली खुंट कदाचित त्याच्याच हातात असेल.

वकील नाही, तारीख नाही, वर बिअर. मी हे वाचतो तेव्हा जीव नुसता जळतो.

एक मेख मात्र आहे. तिथली बहुतेक जमीन कसणाऱ्यांची नाहीच. आधी ती अर्ल मॅन्व्हर्स या सरदाराची होती, १९५२ मध्ये सरकारने घेतली, पुढे राजसत्तेच्या मालमत्तेचा कारभार बघणाऱ्या क्राउन इस्टेटकडे गेली आणि २०२० मध्ये थोर्सबी इस्टेटने विकत घेतली, म्हणजे फिरून त्याच घराण्याकडे आली. शेतकरी आपले कुळं. वितीभर जमीन चोरून करायचं काय? ती जायची मालकाच्याच घशात.

म्हणजे कटकट नको असेल तर सातबाऱ्यावरचं नाव सोडायचं. चुलतभावाला हे सुचवून बघितलं असतं, पण तो आधीच चिडलेला होता. आणि खरं सांगायचं तर मीही सोडणार नाही.