खिचडीच्या रांगेपासून भरितापर्यंत : पहिली-दुसरीला इंग्रजी शिकवतानाचा माझा अनुभव

मी जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, पहिली आणि दुसरी एकाच खोलीत बसते आणि दोन्ही वर्ग माझ्याकडेच. पोरं घरी अहिराणी बोलतात, सातपुड्याच्या पायथ्याकडून आलेली काही पावरी बोलतात, म्हणजे पुस्तकातली मराठीसुद्धा त्यांना नवीन आणि त्यात वरून इंग्रजी. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीला लागायचं, २००० पासून मराठी शाळेत ते पहिलीलाच आलं. चांगलंच झालं असं माझं मत आहे, फक्त सहा वर्षांच्या पोराला ते पाचवीच्या पद्धतीने शिकवायचं नाही. तक्त्यावरचे शंभर शब्द पाठ असलेलं पोर मी बघितलंय, पण तहान लागली तर त्याला इंग्रजीत पाणी मागता येत नव्हतं.

म्हणून ठरवलं की पोर दिवसभर जे बघतं, खातं, उचलतं त्याच्यावरच इंग्रजी बोलायचं. पुस्तकात घर, प्राणी, भाज्या सगळे विषय आहेतच, मी फक्त त्यांचा क्रम गावाच्या वर्षाप्रमाणे लावला. जूनमध्ये पाऊस आणि पेरणी, पोळ्याला बैल, दिवाळीनंतर कापसाची वेचणी, थंडीत भरीत. एका विषयावर दोन-तीन आठवडे राहायचं, घाई नाही.

सगळ्यात आधी खिचडीची रांग धरली कारण ती रोज असते आणि तिला खर्च काहीच नाही. वॉश युवर हँड्स, स्टँड इन लाइन, मोअर राइस प्लीज, इनफ, थँक यू, एवढंच. खिचडी शिजवणाऱ्या ताईंना मी सांगून ठेवलं की पोरगं "मोअर प्लीज" म्हणालं की मगच दुसरा चमचा वाढा, पण लाजत असेल तर उपाशी ठेवू नका. काही दिवसांनी ताईच विचारायला लागल्या, "वन मोअर?" आणि पोरांना त्याची इतकी गंमत वाटायची की पोट भरलेलं पोरसुद्धा "नो, इनफ" म्हणायला ताट घेऊन पुढे यायचं.

मग केळी. आमच्याकडे केळीला तोटा नाही, एका पालकांनी बागेतून अख्ख्या फण्या आणून दिल्या. टच द बनाना, पील द बनाना, गिव्ह इट टू युवर फ्रेंड, पुट द पील इन द बकेट. मी बोलायचं आणि करून दाखवायचं, पोरांनी फक्त करायचं, बोलायची सक्ती नाही. पुढे प्रशिक्षणात कळलं की याला टोटल फिजिकल रिस्पॉन्स म्हणतात आणि जेम्स ॲशर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ही पद्धत मांडली. त्यातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे पोराला गप्प राहू द्यायचं. तान्हं बाळ तरी कुठे पहिल्या दिवशी बोलतं. माझ्याकडे पावरी बोलणारी एक मुलगी होती, ती पावसाळाभर एक शब्द बोलली नाही, पण सांगितलेलं प्रत्येक काम बरोबर करायची, कधी कधी सगळ्यांच्या आधी. मी तिला उभं करून विचारलं नाही आणि बाकीच्यांनाही चिडवू दिलं नाही.

ती बोलली ती आमच्या वर्गातल्या बाजारात. आमच्या गावचा आठवडे बाजार पोरांना पाठ आहे, कोण कुठे बसतं, कोण भाव कमी करतं सगळं. आम्ही वर्गात गोण्या अंथरून तसाच बाजार भरवला, घरून वांगी, मिरच्या, टोमॅटो, लिंबं आणली, तराजू दुकानदार काकांनी दिला, नोटा पोरांनीच कागदाच्या बनवल्या. हाऊ मच? ट्वेंटी रुपीज. टू मच! ओके, फिफ्टीन. हिअर यू आर. हीच वाक्यं मी आधी आठवडाभर रोज थोडी थोडी घेतली होती. सुटे शब्द द्यायचे नाहीत, तयार वाक्य द्यायचं आणि त्यातली वस्तू बदलत राहायची, हे मी आता प्रत्येक विषयाला करते. तर ही मुलगी मिरच्या घेऊन बसली होती, गिऱ्हाईक पोरगं म्हणालं टेन रुपीज आणि ती ताडकन म्हणाली, "नो! ट्वेंटी! गुड चिली!" गुड चिली तिचं तिनेच जोडलं, मी दिलेल्या वाक्यात ते नव्हतं. मला त्या दिवशी फार आनंद झाला.

थंडीत भरिताचा दिवस केला. दोन आया आल्या, शाळेच्या मागे कपाशीच्या काड्या पेटवून वांगी भाजली, मिरच्या भाजल्या, मग बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत, घालून कुटलं. वॉश, रोस्ट, पील, पाउंड, ॲड, मिक्स, ईट. पोरं हाताने करत होती आणि तोंडाने बोलत होती, फर्स्ट वुई वॉश, देन वुई रोस्ट, आणि ही क्रियापदं नंतर कधी पुन्हा शिकवावी लागली नाहीत. आया आधी म्हणत होत्या "मॅडम, आमले काय इंग्रजी येस" (आम्हाला कुठे इंग्रजी येतं), पण त्या दिवशी त्याच शिक्षक होत्या. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीबरोबर सगळ्यांनी खाल्लं. वर्गात काही विचारायचं असलं की पोरं अहिराणीतच विचारतात आणि मी इंग्रजीत उत्तर देते, कोणाला रागवत नाही. वर्गात फक्त इंग्रजीच बोला असा आग्रह काही जण धरतात, मला तो इतक्या लहान वयात चुकीचा वाटतो, पोर गप्प होतं त्याने.

पालकांची तक्रार मात्र आली. "वही कोरी आहे, एबीसीडी कधी लिहून घेणार?" त्यांचं बरोबर आहे, ते वहीच बघू शकतात. मी त्यांना वर्गात बोलावलं आणि पोरांना बाजार करायला लावला, त्यानंतर बरंच शांत झालं. अक्षरं मी दिवाळीनंतर घेते आणि ए पासून झेड पर्यंत ओळीने घेत नाही, आधी एस, ए, टी, पी, आय, एन यांचे आवाज. एवढ्या सहा अक्षरांत टॅप होतो, पॅन होतो, टिन होतो, आणि नळ, तवा, डबा या वस्तू शाळेतच आहेत, पोरं वाचून तिकडे पळतात. लिहायला पोरांनी स्वतःची छोटी पुस्तकं केली, चित्र त्यांचं, खाली एक वाक्य, धिस इज माय गोट, शी ईट्स लीव्हज. परीक्षेसाठी वेगळा पेपर काढत नाही, खिचडीच्या रांगेत आणि बाजारात कोण काय बोललं ते माझ्या डायरीत टिपते, एका खोलीत दोन वर्ग असताना तेवढंच जमतं आणि तेवढ्यात पोर कुठे आहे ते नीट कळतं.

सध्या एसटीचा विषय चालू आहे. खुर्च्या मांडून बस केलीय, वन फुल, टू हाफ, चोपडा. २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे हे पोरींना पक्कं माहीत, त्यामुळे खेळात आई झालेली प्रत्येक पोरगी हाफच मागते आणि कंडक्टर झालेल्या पोराला हिशोब करावा लागतो, गणितही होतं. एका पोराचे काका खरे कंडक्टर आहेत, ते सुट्टीच्या दिवशी यायला तयार झालेत. त्यांना विचारायचे प्रश्न पोरं आता तयार करतायत, पहिला ठरलाय, "व्हेअर डू यू स्लीप?" कारण मुक्कामी गाडी रात्री गावातच थांबते आणि हे पोरांना कधीचं विचारायचं होतं.