तुम्ही विचारलंत म्हणून : पोलिसांविरुद्ध तक्रार करून काही होतं का?

तालुक्याच्या न्यायालयात बावीस वर्षे फौजदारी वकिली करते आहे, आणि या काळात मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न जामिनाचा नाही. लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, एकदा तर दातांच्या दवाखान्यात खुर्चीवर बसलेली असताना लोकांनी आवाज खाली आणून विचारले आहे : "मॅडम, पोलिसांनी मारलं तर तक्रार करून काही होतं का?" विचारण्याच्या सुरातच 'नाही' हे उत्तर गृहीत धरलेले असते. माझे उत्तर 'होते' असे आहे. पण त्याला एक अट आहे आणि ती उभ्या-उभ्या सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

काही वर्षांपूर्वीचा एक रविवार होता. सुट्टीच्या दिवशी रिमांडचे, म्हणजे अटक केलेल्याला कोठडी द्यायची की नाही हे ठरवण्याचे, काम न्यायदंडाधिकाऱ्यांच्या निवासस्थानी चालते. मोटारसायकल चोरीच्या संशयावरून पकडलेल्या एकोणीस-वीस वर्षांच्या एका मुलाला तिथे आणणार होते आणि मी वकीलपत्र घेऊन फाटकाशी उभी होते. जीपपासून ओसरीपर्यंत पंधरा-वीस पावलांचे अंतर असेल. तेवढे अंतर तो तळव्यांच्या बाहेरच्या कडांवर भार देत, प्रत्येक पाऊल उचलण्याआधी थांबत चालला. पायांत चपला होत्या, पण त्या त्याच्या नव्हत्या. सुजलेला पाय स्वतःच्या चपलेत जाईना, म्हणून कोणाच्या तरी मोठ्या मापाच्या चपला त्याला दिल्या होत्या. न्यायदंडाधिकारी साहेबांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" मुलाने साहेबांकडे पाहिलेच नाही. त्याचे मनगट ज्याच्या हातात होते त्या शिपायाकडे त्याने पाहिले आणि तो म्हणाला, "नाही."

एरवी हे प्रकरण इथेच संपते. रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या रोजच्या नोंदीत, 'आरोपीस विचारले असता पोलिसांविरुद्ध तक्रार नाही असे सांगितले' अशी ओळ पडते, कोठडी मंजूर होते, आणि पुढे सहा महिन्यांनी जामिनावर सुटलेला माणूस माझ्यासमोर बसून जेव्हा मारहाणीची हकिगत सांगतो, तेव्हा ती ओळ त्याच्या विरोधात उभी राहते. त्या दिवशी मी एवढेच म्हटले, "साहेब, याला ओसरीवर एक फेरी मारायला सांगावी." साहेबांनी त्याला स्टुलावर बसवून तळवे दाखवायला सांगितले. तळवे काळेनिळे पडले होते आणि उजव्या टाचेची कातडी सुटून आली होती. साहेबांनी शिपायाला फाटकाबाहेर जाऊन उभे राहायला सांगितले आणि तोच प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा विचारला. या वेळी मुलगा बोलला, आणि बोलायला लागल्यावर बराच वेळ बोलला.

कागदपत्रांना त्याच सकाळचा वैद्यकीय दाखला जोडलेला होता आणि त्यात ताज्या बाह्य जखमा नसल्याची नोंद होती. दाखला लिहिणाऱ्या डॉक्टरांनी मुलाला चपला काढायला सांगितल्या नव्हत्या. मी त्या डॉक्टरांना फारसा दोष देत नाही, कारण बाहेर बाह्यरुग्णांची रांग असताना दोन पोलीस आरोपीला घेऊन टेबलासमोर येतात आणि तयार फॉर्म पुढे सरकवतात तेव्हा काय घडते, हे मी अनेकदा पाहिले आहे. पण तो दाखला तसाच राहिला असता, तर त्या तळव्यांना कायद्याच्या दृष्टीने काहीही झाले नव्हते. साहेबांनी जिल्हा रुग्णालयात फेरतपासणीचा आदेश दिला आणि दुसऱ्या दाखल्यात प्रत्येक जखमेची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये आली.

पोलीस का मारतात, हा प्रश्नही याला जोडूनच येतो. पोलीस मुळात क्रूर असतात म्हणून, हे स्पष्टीकरण मला आळशी वाटते. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, हे १८७२च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ पासून आपल्याकडे ठरलेले आहे. मात्र त्याच कायद्याच्या कलम २७ने एक खिडकी उघडी ठेवली : आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू मिळाली, तर त्या सांगण्याचा तेवढा भाग पुराव्यात येतो. नव्या भारतीय साक्ष अधिनियमातही ही खिडकी कलम २३मध्ये तशीच आहे. त्यामुळे गुन्हे प्रकटीकरण पथकाचे, म्हणजे ज्याला सगळे 'डीबी' म्हणतात त्याचे, सारे लक्ष रिकव्हरीवर, म्हणजे चोरीची वस्तू काढून दाखवण्यावर, असते. पंच बोलवायचे, आरोपीने काय सांगितले त्याचा निवेदन पंचनामा करायचा, गाडी विहिरीतून किंवा उसाच्या फडातून काढून दाखवायची. बोटांचे ठसे, मोबाइलचे तपशील, टोलनाक्यावरचे चित्रीकरण या गोष्टींना दिवस लागतात आणि पट्ट्याला एक रात्र पुरते. आठवडी बैठकीत उघडकीस आलेल्या गुन्ह्यांचा आकडा विचारणाऱ्या वरिष्ठांना तो आकडा कसा आला हे ठाऊक नसते, यावर माझा विश्वास नाही. सणावारांचा बंदोबस्त आणि सोळा-सोळा तासांची ड्युटी मी पाहिलेली आहे, त्याबद्दल मला सहानुभूतीही आहे. पण त्या ड्युटीचा हिशेब मुलाच्या तळव्यांवर मांडला जावा, हे मला कधीच पटलेले नाही.

नियम नाहीत असे मात्र कोणी म्हणू नये. सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू विरुद्ध पश्चिम बंगाल या १९९६च्या निकालात अकरा बंधने घालून दिली. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी असावी, अटकेचा पंचनामा नातेवाइकाच्या किंवा मोहल्ल्यातल्या प्रतिष्ठिताच्या सहीने व्हावा, त्यावर आरोपीची सही असावी, नातेवाइकाला कळवावे, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी, असे ते नियम आहेत आणि त्यांतले बरेचसे नंतर कायद्यातच आले. अडचण अशी की यांतला जवळजवळ प्रत्येक कागद लिहिण्याचे काम ज्याच्यावर आरोप आहे त्याच्याच ठाण्यात होते. माझ्या त्या मुलाला शुक्रवारी सकाळी शेतातून उचलले होते, हे सारे गाव सांगत होते. स्टेशन डायरीत मात्र अटक शनिवारी रात्रीची होती. 'चौकशीसाठी बोलावले' आणि 'अटक केली' यांच्यामधले ते दीड दिवस कोणत्याही कागदावर नव्हते, आणि मारहाण नेमकी त्याच दीड दिवसात झाली होती. चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करण्याचा राज्यघटनेतला हक्क कागदोपत्री तंतोतंत पाळला गेला होता.

म्हणूनच परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२०मध्ये प्रत्येक ठाण्याचे प्रवेशद्वार, लॉकअप, मार्गिका आणि अधिकाऱ्यांच्या खोल्या अशा सर्व ठिकाणी आवाजासह सीसीटीव्ही लावण्याचा आणि चित्रीकरण शक्यतो अठरा महिने, निदान एक वर्ष तरी जपण्याचा आदेश दिला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. त्या दीड दिवसाचा साक्षीदार मिळणार होता. त्यानंतर मी चित्रीकरण मागण्यासाठी तीन अर्ज केले आणि तीनही वेळा यंत्रात बिघाड असल्याचे उत्तर आले.

त्याच वर्षी जूनमध्ये तामिळनाडूतल्या सातनकुळम इथे मोबाइलचे दुकान चालवणाऱ्या बापलेकाला, जयराज आणि बेनिक्स यांना, लॉकडाउनमध्ये दुकान उघडे ठेवल्याच्या आरोपावरून धरले आणि काही दिवसांत दोघेही मरण पावले. मी ते प्रकरण बारकाईने वाचले, कारण त्यात माझी ती ओसरी होती. डॉक्टरने दोघांना तंदुरुस्तीचा दाखला दिला होता आणि न्यायदंडाधिकाऱ्यांनी त्यांना दुरूनच पाहून कोठडी दिली होती. म्हणजे ज्या दोन ठिकाणी पोलिसांचा हात पोचत नाही असे आपण मानतो, ती दोन्ही ठिकाणे गाठून झाली होती. उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने चौकशीसाठी पाठवलेल्या दंडाधिकाऱ्यांना ठाण्यातले चित्रीकरण रोजच्या रोज पुसले जाईल अशी व्यवस्था आढळली. प्रकरण टिकले ते मुख्यतः त्याच ठाण्यातल्या एका महिला हेड कॉन्स्टेबलने रात्रभर मारहाण झाल्याचा जबाब दिला म्हणून. खाकीतल्या माणसाने खाकीविरुद्ध बोलणे किती दुर्मीळ आहे, हे या कामात असलेल्या कोणालाही विचारा.

तक्रार नोंदवली आणि चौकशीही झाली, तरी पुढे एक दार असते. त्याला पूर्वपरवानगी म्हणतात, म्हणजे लोकसेवकावर खटला भरण्याआधी घ्यावी लागणारी शासनाची परवानगी. आमच्या मराठवाड्यातला, परभणीचा ख्वाजा युनूस हा सत्तावीस वर्षांचा इंजिनिअर डिसेंबर २००२मध्ये घाटकोपरच्या बसस्फोटाच्या संदर्भात पकडला गेला आणि जानेवारी २००३नंतर तो कोणाला दिसला नाही. जीपला अपघात झाला आणि तो पळून गेला, असे पोलिसांचे म्हणणे होते. राज्य गुन्हे अन्वेषण विभागाच्या तपासात ती हकिगत खोटी निघाली. विभागाने चौदा पोलिसांवर खटल्याची परवानगी मागितली आणि शासनाने चौघांपुरती दिली. त्याच्या आईने, आसिया बेगम यांनी, एकामागून एक अर्ज करत हे प्रकरण जिवंत ठेवले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१२मध्ये भरपाईची एकूण रक्कम वीस लाखांवर नेली. खटला मात्र रेंगाळत राहिला, आणि तो चालू असतानाच २०२०च्या जूनमध्ये त्या चौघांना पोलीस सेवेत परत घेण्यात आले. परवानगीच्या या कलमाला (पूर्वीचे फौजदारी प्रक्रिया संहितेचे १९७, आता नागरिक सुरक्षा संहितेचे २१८) नव्या कायद्यात १२० दिवसांची मुदत जोडली आहे. तेवढ्यात निर्णय झाला नाही तर परवानगी मिळाली असे मानायचे. ही सुधारणा चांगली आहे. पण त्याच संहितेच्या कलम १७५नुसार, लोकसेवकाविरुद्ध कर्तव्याच्या ओघातील कृत्याबद्दल तपासाचा आदेश देण्याआधी दंडाधिकाऱ्यांनी त्याच्या वरिष्ठांचा अहवाल आणि त्या लोकसेवकाचे म्हणणे विचारात घ्यायचे आहे. एका दाराची कडी सैल केली आणि त्या दाराच्या अलीकडे दुसरे दार बसवले, असे माझे मत झाले आहे.

लोक मला पोलीस तक्रार प्राधिकरणाबद्दलही विचारतात. प्रकाश सिंह प्रकरणातल्या २००६च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते स्थापण्याचा आदेश दिला, महाराष्ट्राने २०१४मध्ये कायद्यात आणले, आणि निवृत्त उच्च न्यायालयीन न्यायमूर्ती त्याचे अध्यक्ष असतात. तिथे जरूर जा. मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या मनात त्याच्या शिफारशी बंधनकारक असाव्यात असे होते, हे लक्षात ठेवून आपल्या राज्याचा कायदा वाचा, म्हणजे अपेक्षा बेताच्या राहतील.

दाद लागतच नाही, असेही नाही. सध्याच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या ठाण्यात १९७२मध्ये एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी केलेल्या अत्याचाराचे, मथुरा प्रकरण म्हणून ओळखले जाणारे प्रकरण पाहा. नागपूर खंडपीठाने दोघा पोलिसांना दोषी ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने प्रतिकार केला नाही, अशी कारणे देऊन त्यांना सोडले. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या चार विधि-अध्यापकांनी १९७९मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३मध्ये कायदा बदलून अशा खटल्यात स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले तर ते गृहीत धरण्याची तरतूद आली. त्या मुलीच्या पदरात यातले काही पडले नाही. कोठडीत झालेल्या इजेबाबतही असेच गृहीतक असावे, म्हणजे कोठडीत जखम झाली तर ती कशी झाली हे पोलिसांनी सांगावे, असे विधि आयोगाने १९८५च्या ११३व्या अहवालात सुचवले होते. ते कलम अजून कायद्यात आलेले नाही. आले असते, तर मोठ्या मापाच्या चपलांचा खुलासा मला नव्हे, ठाण्याला द्यावा लागला असता.

त्या मुलाचे पुढे काय झाले, हेही सांगायला हवे. दुसऱ्या दाखल्याच्या आधारे विभागीय चौकशी लागली, एका कर्मचाऱ्याची नियंत्रण कक्षात बदली झाली आणि एक वर्षाची वेतनवाढ रोखली गेली. फौजदारी गुन्हा नोंदवण्यासाठी मी अर्ज तयार केला होता. अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने द्यायचा आणि दाद न लागल्यास दंडाधिकाऱ्यांकडे जायचे, असे ठरले होते. सहीच्या दिवशी मुलाचे वडील एकटेच आले, खुर्चीवर न बसता म्हणाले, "ताई, तुम्ही केलंत ते लई केलंत. पण आम्हाला त्याच रस्त्यानं बाजारला जावं लागतं." अर्ज अजून फाइलमध्ये आहे. चोरीच्या खटल्यातून मुलगा पुढे सुटला, आणि त्या सुटकेत जिल्हा रुग्णालयाच्या दाखल्याचा वाटा मोठा होता, कारण रिकव्हरीचा पंचनामा ज्या रात्रीचा होता त्याच रात्रीच्या त्या जखमा होत्या.

तेव्हा अट ही : पहिल्या दिवशी, दंडाधिकाऱ्यांपुढे, शिपाई शेजारी उभा असताना बोलावे लागते. माणूस सर्वांत घाबरलेला असतो तेव्हाच हे धैर्य त्याच्याकडे मागितले जाते, आणि ही मागणी अन्यायाची आहे हे मला कळते. तळवे आठ-दहा दिवसांत पूर्ववत होतात, वळ त्याआधी जातात, आणि त्यानंतर उरतो फक्त रोजनामा.

मागच्या महिन्यात शेजारच्या तालुक्यातून एका बाईंचा फोन आला. त्यांच्या भावाला आदल्या रात्री उचलले होते, ठाण्याच्या बाहेरून ओरडण्याचा आवाज ऐकू आला असे त्या सांगत होत्या, आणि मग त्यांनी तोच प्रश्न विचारला : तो सुटून आल्यावर तक्रार केली तर काही होईल का? मी त्यांना विचारले की त्याला न्यायालयात किती वाजता आणणार आहेत. त्या म्हणाल्या, तीन वाजता. तेव्हा सव्वा दोन झाले होते.